हिरव्या ठिपक्यामागे कोण बसणार?

प्रश्न : पिंपरी-चिंचवड परिसरात आमचे दोन गृहप्रकल्प सुरू आहेत. दोन्ही महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदलेले आहेत. संकेतस्थळावर दिवसाला शंभर-सव्वाशे जण येऊन जातात, पण चौकशीचा फॉर्म आठवड्यातून जेमतेम तीन-चार जण भरतात. संकेतस्थळ सांभाळणारी मंडळी म्हणतात की लाइव्ह चॅट (संकेतस्थळावरच लगेच लिहून बोलण्याची खिडकी) बसवा, चौकश्या आपोआप वाढतील. विक्री विभागात आमची दोनच माणसे आहेत आणि शनिवार-रविवारी ती साइटवर अडकलेली असतात. चॅट बसवावे का, आणि बसवल्यास ते कोणी आणि कसे सांभाळावे?
(एक विकसक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : आपला फॉर्म का भरला जात नाही, हे आधी पाहू. पुण्या-मुंबईत ज्याने घर शोधले आहे, त्याला एक अनुभव हमखास आलेला असतो. कुठल्या तरी संकेतस्थळावर दुपारी मोबाइल नंबर टाकावा, तर संध्याकाळपर्यंत चार वेगवेगळ्या ठिकाणांहून फोन येतात, आणि घर घेऊन, वास्तुशांत उरकून सहा महिने झाले तरी ‘सर, अजून टू बीएचके बघताय का’ ही विचारणा थांबत नाही. एकदा पोळलेला हा माणूस पुढच्या प्रत्येक फॉर्मवर नंबराचा रकाना दिसला की मागे फिरतो. त्याला घर नको असते असे नाही. सगळे धरून किंमत किती, कार्पेट (घरातले वापराचे क्षेत्र) किती आणि ताबा कधी, एवढेच त्याला विचारायचे असते, आणि ते विचारण्यासाठी स्वतःची ओळख गहाण टाकायची त्याची तयारी नसते.

चॅटची खरी किंमत इथे आहे. नाव-गाव न सांगता भाव विचारण्याची सोय, एवढाच त्याचा गुण आहे, आणि नेमका तोच गुण बहुतेक संकेतस्थळे पहिल्या वाक्यात मारून टाकतात. एका विकसकाच्या संकेतस्थळावर मी चॅट बसवून दिले होते आणि पहिल्या महिन्याच्या नोंदी स्वतः वाचल्या होत्या. रात्री पावणेअकराचा एक संवाद असा होता.

‘टू बीएचके कितीला पडेल?’
‘नमस्कार! आमच्या प्रकल्पात रस दाखवल्याबद्दल धन्यवाद. कृपया आपले नाव, मोबाइल क्रमांक आणि ईमेल द्यावा.’
‘आधी किंमत सांगा ना.’
‘आमचे प्रतिनिधी आपल्याशी लवकरच संपर्क साधतील. कृपया मोबाइल क्रमांक द्यावा.’

त्यापुढे काही नाही. गृहस्थ गेले. ‘प्रतिनिधी’ म्हणजे अर्थातच यंत्र होते, आणि ते यंत्र म्हणजे तोच जुना फॉर्म होता, फक्त एकेक रकाना विचारून भरून घेणारा. भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे आधी पत्ता मागणारा दुकानदार आपण मंडईत पाहिलेला नाही, पण घरांच्या बाजारात तो सर्रास भेटतो.

त्याच ठिकाणी नंतर यंत्राऐवजी हिशेब सांभाळणाऱ्या एका ताईंना बसवले. त्यांना कॉस्ट शीट (घराच्या एकूण खर्चाचा तक्ता) तोंडपाठ होती आणि मालकांनी त्यांना आकडे सांगण्याची मुभा दिली होती. त्यांनी दिलेल्या उत्तराचा नमुना असा (आकडे समजण्यापुरते बदलले आहेत) :

‘टू बीएचके, कार्पेट ७१० चौरस फूट. करारमूल्य ६० लाख. त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार, नोंदणी फी ३० हजार, जीएसटी ५ टक्के म्हणजे ३ लाख. हे सगळे धरून ६७ लाख ५० हजार. देखभाल खर्च यात धरलेला नाही.’
‘बायकोच्या नावावर घेतलं तर?’
‘फक्त त्यांच्या एकट्यांच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्क ६ टक्के लागेल, म्हणजे ६० हजार वाचतील. दोघांच्या नावावर घेतले तर ही सवलत मिळत नाही.’
‘बरं. रविवारी बघायला येता येईल का?’

रविवारचा विषय ग्राहकाने स्वतः काढला. ताईंनी वेळ ठरवली आणि ‘गेटवर कोणाला विचारायचे ते कळवते, नंबर देता का’ असे म्हटले, तेव्हा नंबर बिनबोभाट आला. नंबर मागण्याची जागा संवादाच्या शेवटी असते. साइट व्हिजिटची वेळ, घराचा नकाशा किंवा कॉस्ट शीटची पीडीएफ, असे काही तरी देताना तो मागावा. नंबर घेताना तो कशासाठी वापरणार हेही एका ओळीत लिहावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातल्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती ही स्पष्ट, विशिष्ट कारणापुरती आणि माहितीपूर्ण असावी आणि तिची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय असावी, अशी त्या कायद्याची अपेक्षा आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. ‘हा नंबर फक्त आपल्या साइट व्हिजिटसाठी वापरू’ हे वाक्य लिहायला दहा सेकंद लागतात, आणि ते लिहिले की पाळावेही लागते. तो नंबर चॅनल पार्टनरच्या (घरे विकून देणाऱ्या बाहेरच्या दलालांच्या) यादीत गेला की आपला शब्द गेला.

आता आपल्या दोन माणसांविषयी. चॅटच्या खिडकीवर हिरवा ठिपका आणि ‘आम्ही ऑनलाइन आहोत’ ही पाटी असताना तीन-चार मिनिटे उत्तर आले नाही, तर ते शटर उघडे टाकून आत कोणीच नसल्यासारखे दिसते. फॉर्ममध्ये निदान वाट पाहण्याची अपेक्षा तरी असते. त्यामुळे दिवसभर चॅट चालू ठेवण्याचा मोह टाळून दोनच वेळा ठरवा असे मी सुचवीन : सकाळी ११ ते १ आणि रात्री ८ ते १०. रात्रीची वेळ का, तर घर घेणारे नवरा-बायको दोघेही नोकरीवरून येऊन, जेवण उरकून, तेव्हाच मोबाइल हातात घेऊन शेजारी बसलेले असतात. या वेळांखेरीज ठिपका दिसूच नये. त्या जागी ‘आत्ता कार्यालय बंद आहे, प्रश्न लिहून ठेवा, उद्या ११ नंतर उत्तर देऊ’ असा साधा मजकूर असावा. शनिवार-रविवारी साइटवरच्या माणसाने सॅम्पल फ्लॅट दाखवता दाखवता मोबाइलवर चॅटलाही उत्तरे द्यावीत, ही कल्पना कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात समोरचा ग्राहक आणि पडद्यावरचा ग्राहक असे दोघेही चिडतात. त्या दोन दिवशी सकाळचे चॅट बंद ठेवा, किंवा कार्यालयातल्या तिसऱ्या व्यक्तीला त्या तासांचे वेगळे पैसे देऊन बसवा. उत्तरे देण्याचे काम बाहेरच्या कॉल सेंटरला देऊ नका, कारण पूर्वेकडच्या गॅलरीतून काय दिसते हे त्यांना माहीत नसते आणि पुढे सांगणार आहे त्या कारणाने ते धोक्याचेही आहे.

आपल्याकडे परदेशातून किती जण येतात, ते संकेतस्थळाच्या आकडेवारीत आधी पाहावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून बरेच जण येत असतील तर सकाळी साडेसात ते नऊ हा वेळ उपयोगी पडेल, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे साडेदहा झालेले असतात. दुबईसाठी काही वेगळे करावे लागत नाही. तिथले घड्याळ आपल्या दीडच तास मागे असल्याने रात्रीची वेळ त्यांनाही सोयीची पडते.

भाषेविषयी एक गोष्ट. बरेच ग्राहक मराठीच लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत, संक्षेप करून, विरामचिन्हांशिवाय. ‘किती पर्यंत बसेल’ या प्रश्नाला यंत्र अनेकदा आसनव्यवस्थेचे उत्तर देते, असा विनोद मी नोंदींत पाहिला आहे. उत्तर साध्या, बोलीच्या मराठीत आणि देवनागरीत द्यावे. मराठीत विचारणाऱ्याला इंग्रजीतला तयार परिच्छेद चिकटवला की आपण माणसाशी बोलत नाही, हे त्याला लगेच कळते.

हे सारे एक महिना करून पाहा. किती संवाद झाले हे मोजू नका. त्यातून किती जण प्रत्यक्ष साइटवर आले, ते वहीत लिहा. आकडे सांगण्याची मुभा असलेला माणूस बसवणे आपल्याला शक्य नसेल, ‘किंमत विचारल्यावरच सांगू’ हे धोरण सोडायचे नसेल, तर मात्र चॅट बसवू नका. त्यापेक्षा कॉस्ट शीटच संकेतस्थळावर उघडी ठेवा. फॉर्म आपसूक जास्त भरले जातील.

प्रश्न : आमच्या विक्री विभागातल्या एका मुलाने चॅटवर एका ग्राहकाला ‘दिवाळीपर्यंत पझेशन नक्की’ असे लिहिले. महारेराकडे आम्ही दिलेली पूर्णत्वाची तारीख पुढच्या जूनची आहे. ग्राहकाने बुकिंग केले आणि आता तो स्क्रीनशॉट दाखवून, बुकिंग रद्द करून, सगळी रक्कम व्याजासह मागतो आहे. चॅट म्हणजे गप्पा, तो काही लेखी करार नव्हे, असे आमचे म्हणणे आहे. ते टिकेल का?
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)

उत्तर : त्या म्हणण्यावर विसंबून राहू नका. प्रत्यक्ष प्रकरणात काय करायचे ते आपल्या वकिलांनी सांगावे. मी फक्त चॅट बसवणाऱ्यांना हे आधी का समजले पाहिजे, तेवढे सांगतो.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात जाहिरातीची व्याख्या फार व्यापक आहे. कोणत्याही माध्यमातून, कोणत्याही स्वरूपात प्रकल्पाची माहिती देणारी किंवा खरेदीला बोलावणारी प्रसिद्धी तिच्यात मोडते. कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर विकसकाला भरपाई द्यावी लागते, आणि ग्राहकाला बाहेर पडायचे असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत करावी लागते. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर, प्रकल्पाच्या नावाखाली, आपल्या पगारी माणसाने लिहिलेले वाक्य या व्याख्येबाहेर राहील असे गृहीत धरून कोणी धंदा करू नये. इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात येते, हेही आता नवे राहिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्यासाठी प्रमाणपत्राची रीत घालून दिली आहे. म्हणून आपल्याकडची त्या संवादाची संपूर्ण नोंद पुसू नका. ग्राहकाकडे फक्त एक ओळ असेल, आपल्याकडे तिच्या मागचे-पुढचे सगळे असेल, आणि ते आपल्या बाजूचे आहे की विरुद्ध, हे वकिलांना पाहू द्या.

साइटवर तोंडी बोलताना विक्रीची माणसे ‘दिवाळीला गृहप्रवेश करा साहेब’ असे सहज म्हणतात. ते हवेत विरते. चॅटवर तोच माणूस त्याच सवयीने टाइप करतो आणि वाक्य तारीख-वेळेसह गोठते. मुलगा खोटारडा होता असे मी म्हणणार नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की ही खिडकी म्हणजे छापील माहितीपत्रकाचेच एक पान आहे.

यापुढे चॅटवर बसणाऱ्याच्या टेबलावर एक कागद चिकटवा. ताब्याची तारीख महारेराच्या नोंदीत आहे तीच लिहायची, तिच्या अलीकडची नाही. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच सांगायचे. कायद्याने कार्पेट म्हणजे बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची वगळून उरणारे वापरातले क्षेत्र, त्यात आतल्या भिंती धरतात, आणि सॅलेबलचे (जिने-लॉबीचा वाटा मिळवून सांगितलेल्या क्षेत्राचे) जुने आकडे सवयीने लिहिण्याची हौस इथे महागात पडते. उघड्या पार्किंगची किंमत लावायची नाही, कारण ती विकता येत नाही. ‘मेट्रो इथूनच जाणार’, ‘दोन वर्षांत भाव दुप्पट’ यातले काहीही लिहायचे नाही. जीएसटी विचारला तर आधी पाहायचे की भोगवटा प्रमाणपत्र आले आहे का. आले असेल तर तो लागत नाही. आणि ‘आज टोकन पाठवा, नाहीतर फ्लॅट जाईल’ हे तर कधीच नाही. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे त्याच स्थावर संपदा कायद्याचे कलम १३ सांगते. बँक खात्याचा क्रमांकही चॅटमध्ये देऊ नये. आपल्या नावाने दुसऱ्याने खिडकी उघडून पैसे मागितले तर ग्राहकाला फरक कळावा, यासाठी ‘आम्ही चॅटवर पैसे मागत नाही’ ही ओळ खिडकीच्या वरच कायमची ठेवावी.

तिथेच महारेरा नोंदणी क्रमांकही असावा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे आणि तो नसल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणून चॅटमधून पाठवायच्या पीडीएफवर तो छापलेला आहे ना, ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. मी पाहिलेल्या कित्येक पीडीएफ त्याच्याही आधीच्या काळातल्या असतात. आपल्या वतीने चॅटवर एजंट बसणार असेल, तर तो महारेराकडे नोंदलेला आणि १ जानेवारी २०२४ पासून आवश्यक झालेले सक्षमता प्रमाणपत्र असलेला हवा. बाहेरच्या कॉल सेंटरविषयी मी मघाशी सावध केले ते याच कारणाने. लिहितात ते, आणि उत्तर द्यावे लागते आपल्याला.

प्रश्न : फुकटातले कोणते चॅट चांगले? आमच्या वर्डप्रेसच्या संकेतस्थळावर एक बसवले तर पान उघडायलाच वेळ लागू लागला आणि मोबाइलवर ‘कॉल करा’ हे बटण चॅटच्या गोल चिन्हाखाली झाकले गेले.
(इस्टेट एजंट, ठाणे)

उत्तर : टॉक डॉट टू मोफत आहे आणि एका-दोघांच्या कार्यालयाला पुरते, खालची त्यांची पाटी काढायची असेल तरच पैसे पडतात. झोहो सेल्सआयक्यू हे चेन्नईच्या कंपनीचे आहे आणि ग्राहकांच्या नोंदी आधीच झोहोत ठेवत असाल तर सोयीचे पडते. पण ठाण्यात भाड्याची आणि रिसेलची घरे दाखवणाऱ्या एकट्या एजंटाने या दोन्हींच्या आधी व्हॉट्सॲप बिझनेसचा विचार करावा, असे माझे मत आहे. संकेतस्थळावरचे चॅट पान बंद केले की अनेकदा हरवते. व्हॉट्सॲपवरचे बोलणे ग्राहकाच्या फोनमध्ये राहते आणि तिथून ते बहिणीला, सासऱ्यांना, बँकेतल्या मित्राला पुढे जाते. आपल्याकडे घर एकटा माणूस ठरवत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमधली ठरावीक उत्तरे, कार्यालय बंद असतानाचा संदेश आणि रंगीत लेबले एवढ्यावर बरेच काम निभते. तोटा एकच, पण तो मोठा आहे : पहिल्याच संदेशाबरोबर ग्राहकाचा नंबर आपल्याकडे येतो, म्हणजे ज्याला निनावी राहायचे आहे तो तिथे टिचकी मारणार नाही. म्हणून भाडे, अनामत आणि दलाली हे तिन्ही आकडे प्रत्येक घराच्या पानावरच लिहा.

पान जड होण्याचे कारण असे की चॅटचा कोड पानाबरोबरच उतरू लागतो आणि घराचे फोटो मागे पडतात. आपल्या माणसाला सांगा की पान पूर्ण उघडल्यावर, किंवा वाचकाने गोलावर बोट ठेवल्यावरच चॅट उतरू द्यावे. तोवर तिथे नुसते चित्र पुरते. पान किती वेगाने उघडते ते मोजणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर आधीचे आणि नंतरचे आकडे मोबाइलसाठी तपासावेत. अर्थात फोटो प्रत्येकी पाच-सहा एमबीचे असतील तर दोष चॅटचा नाही. गोल थोडा वर सरकवण्याची सोय जवळपास सगळ्या चॅटमध्ये असते. ‘कॉल करा’ झाकले जाणार असेल तर चॅट काढलेले बरे.

प्रश्न : दापोली भागात आम्ही जमिनीचे प्लॉट विकतो. संकेतस्थळावर मुंबई-पुण्याचे लोक जास्त. चॅटवर तेच तेच प्रश्न येतात : गुंठ्याचा भाव काय, शेतकरी दाखला लागतो का, समुद्र किती लांब. पावसाळ्यात इथे वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे. काय करावे?
(एक वाचक, जिल्हा रत्नागिरी)

उत्तर : वीज गेली की हिरवा ठिपका खोटा ठरतो, म्हणून आपल्याकडे लाइव्ह चॅट नकोच. प्रश्न लिहून ठेवायची खिडकी आणि व्हॉट्सॲप पुरे.

तेच तेच प्रश्न येतात याचा अर्थ त्यांची उत्तरे पानावर नाहीत. जमीन एनए (बिगरशेती) आहे की शेतीची, हे पहिल्या ओळीत लिहा. शेतीची असेल तर १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, हेही लिहा. परदेशस्थ भारतीयांना तर शेतजमीन विकत घेण्याची मुभाच नाही. ‘दाखल्याचं आपण बघू’ असे उत्तर चॅटवर देणारे महाभाग मी पाहिले आहेत. ते वाक्य पुढे कोणाच्या हातात पडते, याचा त्यांनी विचार केलेला नसतो. सातबारा, गट क्रमांक, डांबरी रस्त्यापासूनचे अंतर आणि नकाशावरची नेमकी खूण, हे चारही पानावर टाका. एकूण जमीन ५०० चौरस मीटरहून जास्त असून तिचे प्लॉट पाडून विकत असाल, तर महारेराची नोंदणी लागते. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठेही पुरते होत नाहीत. समुद्राचे अंतर गाडीरस्त्याने मोजलेले लिहा. डोंगरावरून सरळ रेषेत मोजलेला ‘दीड किलोमीटर’ पाहून आलेला मुंबईकर घाट उतरेपर्यंत प्लॉट विसरलेला असतो.

प्रश्न : मी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात घरांची एजंट आहे. माझ्या संकेतस्थळावरच्या चॅटवर मराठी कुटुंबे मोकळेपणाने विचारतात, ‘त्या भागात आपली माणसं किती आहेत?’ मराठीतच बोलणे चालू असते, तर सांगायला काय हरकत आहे?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : हरकत आहे, आणि मराठीत लिहिल्याने ती कमी होत नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टनुसार वंश, वर्ण, धर्म, लिंग, अपंगत्व, मुलेबाळे असणे आणि मूळ राष्ट्रीयत्व या आधारावर घराच्या व्यवहारात भेद करता येत नाही. कुठे कोणते लोक राहतात हे सांगून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणे किंवा तिथून परतवणे यालाही तिकडे भेदच मानतात. आपुलकीने दिलेले उत्तर त्या व्याख्येत बसू शकते, आणि भाषांतर करून घेणे आज कोणालाही अवघड नाही. विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा पोळीभाजी कुठे मिळेल, मुलांना मराठी शाळा कुठे, गणपती कुठे बसतो, एवढेच असते. मंडळे आणि शाळा यांची माहिती त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळांवर असते; ती त्यांनी तिथे पाहावी. आपल्या तयार उत्तरांत एक असे ठेवावे : ‘वस्तीत कोण राहते याविषयी एजंट म्हणून मला बोलता येत नाही. घर, किंमत, मालमत्ता कर आणि स्टेशनपर्यंतचे अंतर यांविषयी जे हवे ते विचारा. संध्याकाळी एकदा त्या रस्त्यावरून चक्कर मारून या.’